आठ मिनिटांची पुडी

पुडी बांधायला मी आईकडून शिकले. आई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. जवळा, सुके बोंबील, करंदी. वर्तमानपत्राचा चौकोन घ्यायचा, एक कोपरा आत दुमडून शंकू करायचा, माल ओतायचा आणि तोंड असं मुडपायचं की दोऱ्याची गरजच पडू नये. पुढे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा याच घडीच्या पुड्या शेकड्यांनी बांधल्या. आत जवळ्याऐवजी फेरो-टायटॅनियमचे राखाडी खडे. पाचशे किलो पातळ लोखंडात दोन किलोची पुडी. भट्टीवाले हसायचे. "मॅडम का परसाद आ गया," म्हणायचे.

माझं गाव दांडी. वर उच्छेळी, नवापूर. खाली मुरबे आणि खाडी ओलांडली की सातपाटी. आम्ही मांगेले. बाबा डोल जाळ्याचे; ते जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा आमच्या घरात घड्याळापेक्षा जास्त पाळल्या जायच्या. 1969 साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, मागोमाग बोईसरला कारखाने आले, आणि गावातल्या पोरांना दोन वाटा झाल्या: होडी नाहीतर कंपनी. पोरींना एकच होती, पाटी डोक्यावर घेण्याची. मी पालघरच्या दांडेकर कॉलेजातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं ते त्या पाटीला भिऊन, हे आता कबूल करायला हरकत नाही.

फाउंड्रीत बाई म्हणून मी एकटीच. काम लॅबमधलं. भट्टीतून पळीभर माल तांब्याच्या छोट्या साच्यात ओतून बटणाएवढा नमुना यायचा, तो घासून त्यातलं कार्बन, सिलिकॉन, क्रोमियम काढायचं. सुरुवातीला स्पेक्ट्रोमीटर नव्हता. क्रोमियम म्हणजे आम्लात विरघळवा, सिल्व्हर नायट्रेट आणि परसल्फेट घालून उकळा, नारिंगी रंग आला की फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेट करा. तोवर भट्टी विजेची युनिटं खात उभी, आणि ऑपरेटर दारात. "मॅडम, क्रोम कितना?" हे वाक्य मी झोपेतही ऐकलेलं आहे.

बीड हा धातू मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचा. बिडाचा तवा, बिडाचा खलबत्ता, जुन्या शिवणयंत्राचा पाय. तवा पडला की दोन तुकडे होतात हेही घरोघरी ठाऊक. लोखंडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर गेला की तो बीड. तो कार्बन ग्राफाइट होऊन वेगळा बसला तर तुटलेल्या भागावर, म्हणजे मोडीवर, राखाडी रंग दिसतो. लोखंडाशी बांधला जाऊन कार्बाइड झाला तर मोड चांदीसारखी पांढरी. पांढरं बीड काचेसारखं कठीण आणि काचेसारखंच ठिसूळ. आम्ही बनवायचो ते या पांढऱ्याच्या घराण्यातलं, पण सुधारलेलं. त्यात पंचवीसेक टक्के क्रोमियम. ढिगाने क्रोमियम घातलं की कार्बाइडची जातच बदलते. साध्या पांढऱ्या बिडात कार्बाइड सलग भिंतीसारखं पसरतं. हाय क्रोममध्ये ते सुटंसुटं, दांड्या-पात्यांच्या रूपात बसतं, आणि शिवाय जास्त कठीण असतं. भिंत नाही म्हणून तडा पळायला सरळ रस्ता नाही. दगड फोडायच्या, राख उपसायच्या, सिमेंट दळायच्या यंत्रांचे भाग म्हणून याच धातूचे करतात.

आमचा मुख्य माल खडी क्रशरचे हॅमर. अठरा-अठरा किलोचे, एका टोकाला भोक. मनोरच्या बाजूला महामार्गालगत काळ्या पाषाणाच्या खाणी आहेत, तिथल्या क्रशरवाल्यांना लागायचे. सह्याद्रीचा तो कातळ लोखंडाला लोण्यासारखा खातो.

हॅमर मोडायला लागले त्या वर्षीचा पाऊस मला आठवतो, कारण टेम्पोतून परत आलेले तुकडे गेटजवळ ओल्या ताडपत्रीखाली टाकलेले असायचे आणि येता-जाता दिसायचे. झिजून परत आलेला हॅमर बघवतो. त्याची कड गोल झालेली असते, त्याने काम केलेलं असतं. हे तसे नव्हते. भोकापाशी सरळ मोडलेले, कड जवळपास नवी. क्रशरवाल्याचं म्हणणं एकच: "तुमचा माल नरम." मालकांनी लॅबला विचारलं. मी कठीणपणा मोजायच्या रॉकवेल मशीनवर ठोके घेतले. सी स्केलवर साठ. चांगल्या हॅमरवरही साठ. मोडलेला आणि न मोडलेला, यंत्राला दोघांत काडीचाही फरक दिसेना.

तरी उपाय ठरला तो कठीणपणाचाच. कार्बन वाढवा. ग्रॅफाइटचा चुरा भट्टीत, कार्बन तीन टक्क्यांच्या पुढे, सव्वातीनच्या घरात. हॅमर अधिक वेगाने मोडू लागले.

या ठिकाणी दोन माणसांबद्दल सांगायला हवं. एक मोल्डिंगचे कोल्हापूरचे मामा. शिरोलीच्या फाउंड्र्यांतून आलेले, शाळा सातवीपर्यंत, पण मोड वाचायचे. तुकडा उजेडात तिरका धरून, बोटाने चाचपून सांगायचे कुठे माल गार पडला, कुठे वायू अडकला. त्यांनी मोडलेला हॅमर बघितला आणि म्हणाले, "पोरी, ह्यो कठीन हाय, चिवट न्हाई. ड्रॉइंगवर कठीनपना लिवत्यात, चिवटपना कोन लिवतंय?" ड्रॉइंग काढून बघितलं. खरंच, कठीणपणाचा आकडा होता, रसायनाचे आकडे होते, मापं होती. धक्का किती सोसावा याबद्दल अक्षर नव्हतं.

दुसरे म्हणजे सर. धातुशास्त्राचे निवृत्त तज्ज्ञ, आठवड्यातून एकदा गुरुवारी ठाण्याहून लोकलने, पुढे शटलने बोईसरला यायचे, झब्ब्याच्या खिशात भिंग. त्यांनी मला तुकडा कापायला, घासायला, पॉलिश करायला शिकवलं, पिक्रिक आम्लाच्या द्रावणाने पृष्ठभाग कोरायला शिकवलं (ती बाटली सुकू द्यायची नाही, सुकलेलं पिक्रिक स्फोटक असतं, हे दर गुरुवारी नव्याने सांगायचे), आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून म्हणाले, "बघ तुझे नट."

खरोखर नट होते. षटकोनी, पांढरे, मोठमोठे, आणि कित्येकांच्या मधोमध भोक. जणू हार्डवेअरच्या दुकानात कुणी डबा उलटा केला. ही प्राथमिक कार्बाइडं. पंचवीस-सव्वीस टक्के क्रोमियमला कार्बन तीन टक्क्यांच्या आसपास असतो तेव्हा सगळं एकदम, बारीक नक्षीत गोठतं. कार्बन त्याच्या वर गेला की बाकीचा रस पातळ असतानाच हे नट जन्माला येतात आणि निवांत, अडवायला कुणी नाही म्हणून, वाढत राहतात. अठरा किलोच्या जाड भागात तर त्यांना वेळच वेळ. मग दगडाचा दणका बसला की तडा एका नटातून दुसऱ्यात उड्या मारत जातो. आम्ही कार्बन वाढवून नटांचं पीक काढलं होतं.

कार्बन खाली आणला. हॅमर मोडायचे कमी झाले, झिजायचे वाढले. क्रशरवाला आता झिजण्याबद्दल भांडू लागला. सरांनी तेव्हा कागदावर दोनच शब्द लिहिले, फेरो-टायटॅनियम, आणि पुढे टक्के: दशांश दोन.

टायटॅनियमचं काम असं. पातळ लोखंडात ते कार्बनला सगळ्यात आधी पकडतं. टायटॅनियम कार्बाइडचा वितळबिंदू तीन हजार अंशांच्या वर, म्हणजे आपल्या चौदा-पंधराशे अंशांच्या रसात ते बारीक घन कण होऊन तरंगतं. पुढे क्रोमियमची कार्बाइडं गोठायला लागतात तेव्हा त्यांना बसायला जागा लागते. जागा कमी असल्या तर थोडी जन्मतात आणि मोठी होतात. जागा पुष्कळ असल्या तर पुष्कळ जन्मतात आणि कुणालाच फार वाढायला वाव मिळत नाही. तेवढाच कार्बन, तेवढंच क्रोमियम, कठीणपणाही जवळपास तेवढाच. फक्त मोठ्या नटांऐवजी बारीक कण, आणि मध्ये मध्ये मऊ आधार. तडा निघतो, पण दर पावलाला अडतो. बाबा जाळं विणताना दर घराला गाठ का मारतात हे मी लहानपणी विचारलं होतं. एक घर फाटलं तर फाटण गाठीपाशी थांबावी म्हणून, असं त्यांनी सांगितलं होतं. सूक्ष्मदर्शकात मला त्या गाठी दिसल्या.

पहिला प्रयोग छोट्या लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, चाळीस किलोवर. पुडी टाकली, लोखंडी सळईने ढवळलं, लगेच ओतलं. तुकडा बघितला तर नट पार बारीक झालेले. मला आकाश ठेंगणं झालं. घरी आईला समजावलं की अगं, विरजणासारखं असतं, चमचाभर घातलं की सगळ्या दुधाची रीत बदलते. आई म्हणाली, "मग रातभर ठेवावं लागत असेल." मी हसले, पण ती उपमा माझ्याच डोक्यात घट्ट बसली, आणि तिनेच मला गोत्यात आणलं.

मोठ्या भट्टीवर पहिल्या दिवशी मी सांगितलं, पुडी भट्टीतच टाका, ओतण्याच्या वीस मिनिटं आधी, नीट मुरू दे. ऑपरेटरला हरकत नव्हती, त्याचं काम वाचलं. वीस साचे ओतले. थंड झाल्यावर कापून बघितलं तर जुनेच नट. टायटॅनियम गेलं कुठे? नमुन्यात निम्म्याहून कमी सापडलं. बाकीचं हवेशी, वरच्या मळीशी म्हणजे स्लॅगशी, भट्टीच्या अस्तराशी संसार थाटून बसलं होतं. दोन हजारांचा माल राखेत, असा मालकांचा हिशोब, आणि तो चुकीचा नव्हता. माझीच चूक होती.

पुढच्या वेळी पुडी लॅडलमध्ये. आधी अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा टाकायचा, म्हणजे रसातला ऑक्सिजन तो खातो आणि टायटॅनियम वाचतं. लॅडलच्या तळाशी पुडी, वरून माल. या वेळी नमुन्यात टायटॅनियम पुरेपूर. तरीही क्रशरवरून बातमी आली ती अर्धीमुर्धी: काही हॅमर फार छान, काही पहिल्यासारखेच मोडले. एकाच लॅडलचे. मालक म्हणाले, हे टायटॅनियम म्हणजे लॉटरी आहे.

लॉटरी हा शब्द मला झोंबला. केमिस्टच्या लेखी लॉटरी नसते, नोंद न घेतलेली गोष्ट असते. मी काय केलं, तर मामांना साच्यांच्या आत आकडे उमटवायला सांगितलं. पॅटर्नवर बसवायचे शिशाचे अंक मिळतात, त्यांचे. एकपासून वीसपर्यंत, ज्या क्रमाने ओतायचं त्या क्रमाने. मामांनी कुरकुर केली ("वीस पॅटर्नला वीस आकडं? लगीन हाय का कुनाचं?"), पण केलं. मी घड्याळ घेऊन उभी राहिले आणि वहीत दर साच्याची वेळ लिहिली. लॅडल भरल्यापासून पहिला साचा एका मिनिटात, विसावा नवव्या मिनिटाला.

महिन्याभराने तुकडे परत आले. चौदा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस. एकही एक-आकडी नाही.

उशीर झाला की पुडीचा जोर ओसरतो; आता हे पुस्तकात आहे. फाउंड्रीवाले याला फेडिंग म्हणतात. राखाडी बिडात फेरोसिलिकॉनचा दाणा घालतात त्याचाही जोर असाच दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो. टायटॅनियम कार्बाइडचे कण लोखंडापेक्षा हलके, ते एकमेकांना चिकटतात, वर येतात, स्लॅगमध्ये जातात. रासायनिक नमुन्यात टायटॅनियम दिसतं, पण जन्म द्यायच्या जागा म्हणून ते उरलेलं नसतं. सरांनी हे मला आधी सांगितलं असेलही, पण वहीत चौदा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस असे आकडे स्वतःच्या अक्षरात दिसल्याशिवाय ते मला कळलं नाही. त्या रात्री आईला म्हटलं, विरजणाच्या अगदी उलट आहे, ठेवलं की मरतं. तिने मान डोलावली. "ताज्या मासळीसारखं म्हण की."

हे तिने म्हटलं आणि मी गप्प झाले. इतकी वर्षं बाजारातल्या बाईची पोर असून मला सुचलं नव्हतं.

मग सगळं काम आठ मिनिटांच्या आत बसवण्याचं झालं. मोठी लॅडल बंद, तीन लहान लॅडल. प्रत्येकीला वेगळी पुडी, आणि ओतायचे साचे भट्टीपासून जवळ मांडलेले. ओतायचं तापमानही खाली आणलं, चौदाशेच्या आसपास, कारण जितका गरम माल साच्यात जाईल तितका तो सावकाश गोठेल आणि नटांना तितकी उसंत मिळेल. भट्टीवर गाझीपूरचा एक भैया होता, त्याला थंड माल ओतणं म्हणजे स्वतःचा अपमान वाटायचा. "मॅडम, माल ठंडा हो रहा है, जम जाएगा लॅडल में." दोनदा खरंच जमला. लॅडलच्या तळाला बसलेली ती कवटी फोडायला दुपार गेली आणि दुपारभर माझ्याशी कुणी बोललं नाही.

पावसाळ्याने वेगळाच धडा दिला. समुद्रावरून येणारी ओल वर्तमानपत्रात शिरते. पुडी ओली म्हणजे पातळ लोखंडात पाणी. जास्त असेल तर उडतं, थोडं असेल तर हायड्रोजन होऊन आत राहतं आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं. जुलैत भोकांचे हॅमर आल्यावर पुड्या वाळूचे कोअर भाजायच्या ओव्हनवर ठेवायची पद्धत आली. सुकी मासळी पावसाळ्यात चुलीवरच्या फळीवर ठेवतात ती का, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी जून गेला, जुलै निम्मा गेला, मग सुचलं.

टायटॅनियमचा मार्ग सापडल्यावर मालकांना आणखी पुड्या हव्या झाल्या. पुरवठादारांचे लोक नमुने घेऊन यायचे, प्रत्येकाकडे जादूची भुकटी. बोरॉनचं प्रकरण लवकर आटोपलं. थोडंसं बोरॉन महागड्या मॉलिब्डेनमचं काही काम करतं, कठीणपणा वाढवतं, आणि किंमत बघून सगळे खूश. रॉकवेलवर आकडा वर गेला, सगळे आणखी खूश. आमच्या धक्क्याच्या चाचणीत मात्र हे हॅमर सगळ्यात आधी गेले.

ही चाचणी आमची घरगुती. धक्क्याची रीतसर चाचणी म्हणजे चार्पी, पण असलं बीड इतकं ठिसूळ की खाच पाडलेल्या तुकड्यात आकडे फरक दाखवण्याइतकेसुद्धा येत नाहीत, बिनखाचेचे तुकडे वापरावे लागतात, आणि ते यंत्र आमच्याकडे नव्हतंच. मामांनी शेडच्या तुळईला कप्पी लावली. खाली दोन रुळांवर हॅमर आडवा, वरून भंगारातला एक ठोकळा सोडायचा. दर खेपेला हातभर वर. मोडेपर्यंत किती ठोके, ते मी वहीत लिहायचे. शास्त्रीय मासिकात हे कुणी छापणार नाही. पण ज्या हॅमरने इथे जास्त ठोके खाल्ले तो मनोरलाही जास्त टिकला, हे मी सहा-सात वर्षं पाहिलं, आणि अजूनही कुठल्याही चकचकीत अहवालापेक्षा माझा त्या कप्पीवर विश्वास जास्त आहे.

मिशमेटलची पुडी मात्र मला आवडायची. अर्ध्याच्या आसपास सिरियम, बाकी लँथॅनम, निओडिमियम ही भावंडं. लायटरमध्ये जो ठिणगीचा खडा असतो तो याच्याच मिश्रधातूचा. लॅडलमध्ये टाकला की पांढरी आग, भैयासुद्धा दोन पावलं मागे. दुर्मिळ मृदा धातू रसातला गंधक आणि ऑक्सिजन ओढून घेतात, आणि नेमक्या प्रमाणात असले तर कार्बाइडच्या कडा बोथट होतात, ती आणखी सुटी पडतात. प्रमाण जरा चढलं की तेच धातू स्वतःची ऑक्साइडं करून मळ होऊन बसतात आणि चिवटपणा पुन्हा घसरतो. आपल्या देशात हे धातू केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून मिळवायला सुरुवात झाली, इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी 1950 साली त्यासाठीच निघाली, आणि ती अणुऊर्जा विभागाखाली आहे, कारण त्याच वाळूत थोरियमही असतं. माझ्या गावाशेजारचं अणुवीज केंद्र आणि माझ्या पुडीतलं सिरियम एकाच खात्याचे नातलग निघाले, याची मला उगाच गंमत वाटायची.

सरांनी एका गुरुवारी सांगितलेली हकीकत इथेच येते. 1943 साल, महायुद्ध, अमेरिकेत क्रोमियमची चणचण. इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस हा तरुण असल्याच झिजरोधक बिडात क्रोमियमला पर्याय शोधत होता. एकेक धातू घालून बघताना त्याने मॅग्नेशियम घातलं. ओतल्यावर बघतो तर ग्राफाइट पाकळ्यांसारखं नाही, गोळ्या-गोळ्यांसारखं. पाकळी म्हणजे धातूच्या पोटातली तयार चीर; गोळी म्हणजे निरुपद्रवी बिंदू. बीड वाकू लागलं. 1948 साली इंग्लंडच्या हेंटन मॉरोने सिरियम घालून हेच साधल्याचं अमेरिकेतल्या फाउंड्रीवाल्यांच्या अधिवेशनात सांगितलं, तेव्हा निकेल कंपनीच्या माणसाने उठून आपला मॅग्नेशियमचा प्रकार जाहीर केला. पेटंट 1949 चं. आज मोटारींचे क्रँकशाफ्ट, गावोगावच्या पाण्याच्या पाइपलाइनी त्याच गोळ्यांच्या ग्राफाइटच्या, म्हणजे एसजी, बिडाच्या आहेत. त्यातही मॅग्नेशियम टक्क्याच्या शंभर भागांतले चार-पाच एवढंच, आणि तेही लॅडलमध्ये मिनिटामिनिटाला उडून जातं. "म्हणजे तिथेही घड्याळच," मी म्हटलं. सर म्हणाले, "तिथे तर जास्तच. तू निदान टायटॅनियमवर निभावलंस."

उष्णोपचाराबद्दल मी फार लिहीत नाही, ते खातं माझं नव्हतं. एवढंच की पुडी कितीही नीट पडली तरी हॅमर नंतर हजार अंशांच्या आसपास चार-पाच तास ठेवून पंख्याखाली थंड करावा लागतो. त्या वेळात आधाराच्या धातूतला जादा कार्बन बारीक कार्बाइड होऊन बाहेर पडतो आणि थंड होताना तो आधार कणखर होतो. घाईने तापवला तर भट्टीतच तडकतो. त्या खात्यातल्या पोरांनी किती माल तडकवला आणि तो आमच्या नावावर कसा आला, हा वेगळा अध्याय.

रात्रपाळीला बाईला ठेवायचे नाहीत, पण महत्त्वाच्या ओतणीला मी साडेनवापर्यंत थांबायचे. मग नवापूर नाक्यावर रिक्षा मिळेपर्यंत उभी. अंगाला राळेचा वास. घरी पोचावं तर ओटीवर बाबा जाळं शिवत बसलेले, आणि बोलणं खाडीवर येऊन थांबायचं. मासळी आत येत नाही, पाण्याला रंग आहे. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यावरून 2016 मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली, तोवर बाबा नव्हते. ते असताना मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पगाराच्या पाकिटातून जाळ्याचा नायलॉन यायचा, आणि ते पाकीट कुठून येतं हे दोघांनाही माहीत होतं. मीही कधी विषय काढला नाही.

नोकरी सोडून आता बरीच वर्षं झाली. फाउंड्री विकली गेली, नव्या मालकांनी बीड बंद करून दुसरंच काही सुरू केलं. मामा कोल्हापूरला परतले. वही माझ्याकडे आहे. पुड्यांची वजनं, मिनिटं, ठोके. लाल शाईने चौदा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस.

त्या पहिल्या पावसातला मोडका हॅमर मी एकदा घरी आणला होता, भंगारातून मागून. बाबांनी त्याच्या भोकात दोर ओवला आणि डोल जाळ्याला वजन म्हणून वापरला. त्यांची साधी बिडाची वजनं खाऱ्या पाण्यात पापुद्रे सुटून सुटून हलकी झाली, टाकून द्यावी लागली. हा नुसता तांबूस झाला. क्रोमियम आहे ना. बाबा म्हणायचे, "तुझ्या कंपनीचा एवढा एकच माल टिकला." आता तो आमच्या मागच्या दाराशी आहे, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. मोडीची बाजू वर करून ठेवलाय. सकाळी ऊन तिरकं येतं तेव्हा तिच्यावर अजून लांब लांब चकाकते कण दिसतात, आणि नातू विचारतो, आजी, याला अभ्रक लावलाय का?

नट आहेत ते, मी म्हणते. तो वाकून शोधत बसतो.